हेवीवेट लढतीत ठोशाची ताकद आणि सोसण्याची क्षमता कशी जोखावी

जुम्मादादा व्यायाम मंदिराचे आणि प्रोफेसर माणिकरावांचे नाव बडोद्याच्या मराठी घरांतून अजूनही आदराने घेतले जाते, त्यामुळे कुस्ती पाहण्याची नजर इथल्या पुष्कळ मुलांना घरातूनच मिळालेली असते. कुस्तीत पाठ टेकली की वाद मिटतो. हेवीवेट बॉक्सिंग नव्याने पाहू लागलेल्यांना मात्र तितके सोपे उत्तर मिळत नाही. रविवारी सकाळी शेव-उसळीच्या ताटापाशी मोबाइल टेकवून अमेरिकेतली लढत पाहताना ‘याचा हात जड आहे’ आणि ‘त्याची हनुवटी कच्ची आहे’ (म्हणजे त्याला ठोसा सोसत नाही) ही दोन वाक्ये सर्रास ऐकू येतात. पण ती कशाच्या आधारावर बोलली गेली, असे विचारले तर बोलणारा बहुधा मारणाऱ्याचे दंड दाखवतो. पुढील पायऱ्यांचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे : ठोशाची ताकद मारणाऱ्याच्या देहावर शोधू नये, ती मार खाणाऱ्याच्या देहावर वाचावी, आणि सोसण्याची क्षमता ठोसा बसल्या क्षणी न ठरवता त्यानंतरच्या दहा-वीस सेकंदांत ठरवावी.

आधी थोडी तयारी

व्यावसायिक हेवीवेट म्हणजे २०० पौंडांहून, अर्थात सुमारे ९०.७ किलोंहून, अधिक वजनाचा खेळाडू. वरची मर्यादा नाही, आणि इथेच या गटाचे वेगळेपण आहे. इतर गटांत दोघांची वजने जवळजवळ सारखी असतात. इथे २० किलोंचा फरकही चालतो. हातमोजे १० औंसांचे, फेरी तीन मिनिटांची, विश्वविजेतेपदाची लढत आता १२ फेऱ्यांची. जुन्या लढती मात्र १५ फेऱ्यांच्या असत, हे मुहम्मद अली किंवा लॅरी होम्स यांची चित्रणे पाहताना लक्षात ठेवावे. अमेरिकेतली मुख्य लढत आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठ-नऊच्या आसपास सुरू होते आणि इंग्लंडमधली मध्यरात्र उलटून गेल्यावर. नवशिक्याने थेट लढतीपेक्षा जुनी चित्रणे आधी पाहावीत, कारण त्यांत मागे जाऊन तोच क्षण पुन्हा, निम्म्या वेगाने पाहता येतो. आणि आवाज बंद ठेवावा. समालोचकाच्या आरोळीवरून ठोशाचे वजन ठरवण्याची सवय एकदा लागली की ती सुटायला फार वेळ लागतो.

पायरी पहिली : नोंदी वाचाव्यात, पण नॉकआउटच्या रकान्यावर थांबू नये

प्रत्येक बॉक्सरची विजय, पराभव आणि नॉकआउट यांची नोंद सहज मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडच्या टायसन फ्युरीशी पहिल्यांदा लढण्यापूर्वी अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरच्या नावावर ४० विजय होते आणि त्यांतले ३९ नॉकआउट होते. हा आकडा वाचून कुणीही दबून जाईल. त्यापुढचा प्रश्न असा, की समोर कोण होते? नव्या होतकरू बॉक्सरच्या सुरुवातीच्या लढती बहुधा हरणारच अशा खेळाडूंशी ठरवलेल्या असतात. तेव्हा त्या बाजूला ठेवून, आधी कधीच न आडवे झालेले किती जण याने आडवे केले, हे मोजावे. वाइल्डर या कसोटीलाही उतरतो. २०१५ साली बर्मेन स्टिव्हर्न त्याच्यासमोर पूर्ण १२ फेऱ्या टिकला होता, पण २०१७ च्या दुसऱ्या लढतीत पहिल्याच फेरीत संपला. आणि लुईस ऑर्टिझसारख्या अनुभवी डावखुऱ्याला वाइल्डरने दोनदा नॉकआउट केले. उलट, ज्याचे सगळे नॉकआउट थकलेल्या, उताराला लागलेल्या खेळाडूंवरचे आहेत, त्याच्या आकड्यातून निम्मी रक्कम मनातल्या मनात वजा करायला हरकत नाही.

सोसण्याच्या बाबतीत हा रकाना याहून जास्त फसवतो. ‘लढत थांबवली’ या एका नोंदीखाली निरनिराळे प्रकार येतात : दहा आकडे मोजूनही न उठणे, रेफरीने मध्ये पडणे, डॉक्टरने जखमेमुळे नकार देणे, आणि कॉर्नरने, म्हणजे कोपऱ्यातल्या त्याच्याच प्रशिक्षक मंडळींनी, खेळाडूला स्टुलावरून उठूच न देणे. व्हिटाली क्लिच्कोचे व्यावसायिक पराभव दोनच आणि दोन्ही मुदतीआधीचे. एकात, २००० साली ख्रिस बर्डविरुद्ध, त्याचा खांदा निकामी झाला. दुसऱ्यात, २००३ साली लेनॉक्स लुईसविरुद्ध, चेहरा इतका फाटला की सहाव्या फेरीनंतर डॉक्टरने लढत थांबवली. दोन्ही वेळा तो गुणांत पुढे होता, आणि संपूर्ण कारकिर्दीत तो एकदाही खाली पडला नाही. कॅनडाचा जॉर्ज चुव्हालो ९० हून अधिक लढती खेळला. १९६७ साली जो फ्रेझरविरुद्ध आणि १९७० साली जॉर्ज फोरमनविरुद्ध रेफरीने लढत थांबवली तेव्हाही तो स्वतःच्या पायांवर उभाच होता. नुसता रकाना पाहणारा या दोघांना ‘नॉकआउट झालेले’ म्हणून मोकळा होईल.

पायरी दुसरी : पाय आणि कंबर

सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवलेला आहे, जो गामा पहिलवानांनी १९०२ साली उचलला असे सांगतात. तसली ताकद आणि ठोशाची ताकद यांची गल्लत करू नये. वजन उचलताना जोर लावायला वेळ मिळतो. ठोशाला सेकंदाचा अगदी लहानसा अंश मिळतो आणि तेवढ्यात जमिनीपासून निघालेला जोर टाच, गुडघा, कंबर, खांदा या वाटेने मुठीपर्यंत पोहोचावा लागतो. १९८५ साली ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचे मोजमाप प्रसिद्ध झाले. त्यात मुठीचा वेग सेकंदाला सुमारे ८.९ मीटर आणि लक्ष्यावरचा कमाल जोर ४,०९६ न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने चारशे किलो वजनाइतका भरला होता. हा जोर नुसत्या दंडातून येत नाही.

म्हणून पहिली फेरी पाहताना नजर कमरेखाली ठेवावी. उजवा सरळ ठोसा मारताना मागच्या पायाची टाच बाहेर वळते का, कंबर हातासोबत फिरते का, आणि ठोसा मारून झाल्यावर खेळाडू तोल राखून पुन्हा जागेवर येतो का, एवढे तपासले तरी पुरे. टाच जमिनीला चिकटलेली आणि खांदाच तेवढा पुढे गेलेला असेल, तर तो नुसता हाताचा ठोसा आहे, मग त्याचा आवाज कितीही मोठा येवो. या कसोटीसाठी माइक टायसनची १९८६ ते १९८८ मधली चित्रणे उत्तम आहेत. या गटात बुटका म्हणावा असा हा खेळाडू गुडघे वाकवून समोरच्याच्या हातांखाली शिरतो, आणि उठता उठता मारलेल्या त्याच्या अपरकटमध्ये, म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशात, मांड्यांचा जोर कसा येतो, हे निम्म्या वेगात स्वच्छ दिसते. रॉकी मार्सियानो तर १९० पौंडांच्याही आतला. आजच्या नियमाने तो हेवीवेट गटात बसलाही नसता, तरी ४९ विजयांपैकी ४३ त्याने नॉकआउटने मिळवले.

पॅडवरच्या सरावाच्या छोट्या चित्रफिती मात्र सोडून द्याव्यात. पॅडचा कडकडाट पॅड धरणाऱ्याच्या कौशल्यावर बराच अवलंबून असतो. मॉलमधल्या ठोसा मोजणाऱ्या यंत्राविषयी तर न बोललेलेच बरे.

पायरी तिसरी : मार खाणाऱ्याकडे पाहावे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. डोके झटक्याने फिरले की आतला मेंदू हादरतो, आणि हनुवटीच्या टोकावर बाजूने बसलेला ठोसा डोके सर्वांत सहज फिरवतो. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आपसूक ताठ होतात आणि डोके कमी फिरते. न दिसलेला ठोसा म्हणूनच घात करतो. तेव्हा एखादा बॉक्सर कोसळला की आधी पाहावे, की त्याला तो ठोसा दिसला होता का. समोर दिसत असलेला, गार्डवरून (बचावासाठी वर धरलेल्या हातांवरून) किंवा कपाळावर बसलेला ठोसासुद्धा ज्याला हलवतो, त्याला मारणाऱ्याचा हात खरोखर जड.

ठोसा बसल्यावर नजर गुडघ्यांवर न्यावी. चेहऱ्यावर बॉक्सर हसू आणू शकतो, पण सैल पडलेला गुडघा त्याला लपवता येत नाही. मग हात पाहावेत : गार्ड नकळत खाली आला का, की दोन्ही हात घाईने कानांपाशी गेले? त्यानंतर तो कुठे जातो ते पाहावे. दोरांकडे मागे सरकणे, समोरच्याला मिठी मारणे, नेहमीचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अचानक बंद होणे, या सगळ्या त्याच्या देहाने दिलेल्या कबुल्याच आहेत. शेवटची खूण सर्वांत सूक्ष्म आणि माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह. चांगला, आक्रमक बॉक्सर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच अर्धे पाऊल मागे राहून लढू लागला, तर कुणीही खाली पडलेले नसतानासुद्धा समोरच्याच्या ठोशाची ताकद सिद्ध झालेली असते.

पोटातल्या ठोशाची रीत निराळी. उजव्या बरगडीखाली यकृतावर ठोसा बसला की क्षणभर काहीच घडत नाही; खेळाडू एखादे पाऊल टाकतोदेखील, आणि मग एकदम गुडघ्यावर येतो. शुद्ध पूर्ण असते, पण शरीर उठत नाही. अशा वेळी ‘हनुवटी कच्ची’ हा शेरा सर्वस्वी गैरलागू ठरतो.

देह फसवूही शकतो. सप्टेंबर १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अर्नी शेव्हर्सने दुसऱ्याच फेरीत अलीला जबर हादरवले. शेव्हर्स हा त्या काळातल्या सर्वांत कडक ठोसेबाजांपैकी एक. अलीने काय केले, तर खरोखर लागले असतानाच लागल्याचे उघड सोंग आणले, डोळे फिरवले, झोकांड्या खाल्ल्या. शेव्हर्सला वाटले, हा मला जाळ्यात ओढतो आहे, आणि तो सावधपणे मागे राहिला. अली १५ फेऱ्या टिकला आणि गुणांवर जिंकला. नवशिक्याने हे चित्रण दोनदा पाहावे, पहिल्यांदा अलीच्या चेहऱ्याकडे आणि दुसऱ्यांदा त्याच्या पायांकडे पाहत.

पायरी चौथी : घड्याळ

ठोशाची ताकद सगळ्या फेऱ्यांत सारखी राहत नाही. काहींची सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्यांत आग असते आणि पुढे ती विझते. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात फोरमन आला तो ४० पैकी ४० लढती जिंकून, त्याही ३७ नॉकआउटसह. अलीने दोरांवर रेलून त्याला मारू दिले, आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनलाच खाली पाडले. हाच फोरमन २० वर्षांनी, ४५ व्या वर्षी, गुणांत मागे असताना मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका छोट्याशा उजव्या ठोशाने संपवतो. एकाच माणसाच्या दोन लढती पाहिल्या की कळते, दम राखून मारलेला साधा दिसणारा ठोसा दम संपलेल्या मोठ्या झोक्यापेक्षा किती महाग पडतो.

उशिरापर्यंत टिकणारी ताकद दुर्मीळ असते. १९५२ साली जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो गुणांत मागे होता आणि १३ व्या फेरीत एका उजव्या ठोशाने विजेता झाला. वाइल्डर नोव्हेंबर २०१९ मध्ये ऑर्टिझविरुद्ध तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता. सातव्या फेरीत एक उजवा ठोसा बसला आणि हिशेब संपला. वहीत नोंद करताना म्हणून प्रत्येक नॉकआउटपुढे फेरीचा आकडा लिहावा आणि पाचव्या फेरीनंतरचे नॉकआउट वेगळे मोजावेत.

पायरी पाचवी : सोसणे म्हणजे नेमके काय काय

इथे निदान चार गोष्टी वेगळ्या कराव्यात : ठोसा बसूनही न पडणे, पडल्यावर उठणे, उठल्यावर ती फेरी निभावून नेणे, आणि कातडी न फाटणे. एकाच माणसात या चारही असतीलच असे नाही.

१ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या फ्युरी-वाइल्डर लढतीची १२ वी फेरी यासाठी सेकंदा-सेकंदाने पाहण्यासारखी आहे. वाइल्डरचा उजवा आणि लगोलग डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसतो. फ्युरी पाठीवर पडतो, हात पसरलेले, हालचाल नाही. वाइल्डर नाचायला लागतो. रेफरी जॅक रीस गुडघ्यावर बसून मोजतात, आणि मोजणी अर्धी झाल्यावर फ्युरी कुशीवर वळून उठतो. इथपर्यंतचे सगळ्यांनी पाहिलेले असते; खरा धडा त्यापुढे आहे. फ्युरी पहिल्या झटापटीत मिठी मारतो, अंगाचा भार वाइल्डरवर टाकतो, वाइल्डरचा पुढचा हुक डोक्यावरून जाऊ देतो, आणि फेरी संपण्याआधी स्वतःच ठोसे मारत पुढे येतो. पडण्यापूर्वीची शुद्ध त्याला किती लवकर परत आली, हे त्या मिनिटभरात दिसते. त्या रात्री वाइल्डरचे वजन २१२.५ पौंड आणि फ्युरीचे २५६.५ पौंड होते, हेही जोडून लिहावे. सोसण्यात देहाच्या वजनाचा वाटा असतो. सगळे श्रेय जिद्दीला देणे ही वृत्तपत्री हौस आहे.

लॅरी होम्सने १९७९ साली हेच शेव्हर्सविरुद्ध केले. सातव्या फेरीत तो असा पडला की पुन्हा उठेल असे वाटू नये. पण तो उठला, फेरी काढली आणि ११ व्या फेरीत शेव्हर्सचीच लढत थांबवली गेली.

पराभवावरून कायमचा शिक्का मारण्याची घाई मात्र करू नये. लेनॉक्स लुईस १९९४ साली ऑलिव्हर मकॉलकडून आणि २००१ साली हसीम रहमानकडून नॉकआउट झाला, आणि दोघांनाही त्याने पुढच्या भेटीत हरवले. व्लादिमीर क्लिच्कोचे उदाहरण याहून बोलके आहे. २००३ साली कॉरी सँडर्सने आणि २००४ साली लॅमन ब्रूस्टरने त्याला मुदतीआधी हरवले. २००५ साली सॅम्युएल पीटरने तीनदा पाडले, तरी ती लढत तो गुणांवर जिंकला. आणि ब्रूस्टरनंतर नोव्हेंबर २०१५ पर्यंत तो हरलाच नाही. हनुवटी या काळात बदलली नाही. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्ड यांच्या हाताखाली तो लांब जॅबने अंतर राखू लागला आणि समोरचा आत आला की मिठी मारून भार टाकू लागला. एखादा बॉक्सर बराच काळ पडलेला नसेल, तर तो सोसणारा आहे की मारच न खाणारा आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. जोसेफ पार्करने डिसेंबर २०२३ मध्ये वाइल्डरला गुणांवर हरवले, ते त्याच्या उजव्या हाताला जागाच न देऊन; तिथे पार्करच्या हनुवटीची परीक्षा फारशी झाली नाही.

कातडीचा मुद्दा भारतीय वाचकांना टोकियो ऑलिंपिकमुळे ठाऊक असेल. सुपर हेवीवेट गटातला सतीश कुमार आधीच्या लढतीत फाटलेला चेहरा टाके घालून शिवून घेऊन उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोव्हसमोर उभा राहिला, हरला, पण तिन्ही फेऱ्या उभा होता. भुवईच्या वरून वाहणारे रक्त डोळ्यात उतरते आणि त्या बाजूचे ठोसे दिसेनासे होतात, म्हणून भुवई फाटणे हे ओठ फाटण्यापेक्षा कितीतरी गंभीर. अर्थात तीन फेऱ्यांच्या हौशी लढतीवरून १२ फेऱ्यांचा अंदाज बांधता येत नाही.

आणि सोसण्याची क्षमता खर्च होत जाते. जो जॉइस हा इंग्लिश बॉक्सर ठोसे अंगावर घेत पुढे चालत येण्याबद्दल प्रसिद्ध होता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने पार्करला ११ व्या फेरीत नॉकआउट केले. वर्षभरातच झँग झिलेईने आधी त्याचा डोळा बंद केला आणि नंतर तिसऱ्या फेरीत त्याला आडवे केले. अशा बॉक्सरविषयी तीन वर्षांपूर्वीचे मत आज वापरू नये. वय, मधल्या काळात खाल्लेला मार आणि आधीच्या नॉकआउटनंतर मिळालेली विश्रांती या तीन गोष्टी प्रत्येक नव्या लढतीपूर्वी नव्याने पाहाव्यात. डोक्यावरच्या माराचे परिणाम कारकीर्द संपल्यावरही पुढे येतात, हे मुष्टियुद्धातल्या वैद्यकाने पुरेसे दाखवून दिले आहे. अलीला कंपवाताचे निदान १९८४ साली, निवृत्तीनंतर काही वर्षांतच झाले.

पायरी सहावी : वही

दोन पाने पुरतात. डाव्या पानावर ‘काय बसले’ : ठोसा कोणता, डोक्यावर की पोटात, दिसलेला की न दिसलेला, कितवी फेरी. उजव्या पानावर ‘मग काय झाले’ : गुडघे, हात, जागा, आणि पुढच्या वीस सेकंदांतले वागणे. निष्कर्ष लढत संपल्यावरच लिहावा, आणि तोही पेन्सिलने. सुरुवातीला फ्युरी-वाइल्डरच्या तिन्ही लढती ओळीने पाहाव्यात. पहिलीत वाइल्डरची ताकद आणि फ्युरीचे उठणे दिसते. फेब्रुवारी २०२० च्या दुसरीत फ्युरी सरळ पुढे येतो आणि वाइल्डरला मागे सरकताना मारताच येत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या तिसरीत दोघेही पडतात, उठतात, आणि ११ व्या फेरीपर्यंत वाइल्डरचे सोसणे, ज्याकडे एरवी कुणाचे लक्ष जात नाही, फ्युरीइतकेच नजरेत भरते.

त्यानंतर ऑलेक्झांडर उसिककडे वळावे, कारण तो सगळ्या सोप्या मतांना अडचणीत आणतो. खालच्या क्रूझरवेट गटातून आलेला, वजनाने हलका, त्यामुळे ‘याच्या हातात हेवीवेटची ताकद नाही’ असे त्याच्याविषयी सर्रास म्हटले गेले. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये नवव्या फेरीत त्याने फ्युरीला एकामागून एक ठोसे मारत रिंगभर लोटले. फ्युरी खाली पडला नाही, तरीही रेफरीने मोजणी केली, कारण दोर नसते तर तो पडला असता, आणि दोरांनी सावरलेला बॉक्सर नियमानुसार पडलेलाच धरला जातो. अशा मोजणीची नोंद वहीत पडण्याच्या रकान्यातच करावी, कारण तिच्यामुळे दोन गुणांच्या फरकाने गेलेली ती फेरी त्या लढतीत निर्णायक ठरली. आणि जुलै २०२५ मध्ये वेम्बलीत उसिकने पाचव्या फेरीत डॅनियल डुबॉइसला नॉकआउट केले ते चित्रण पाहताना, शेवटच्या डाव्या ठोशाआधीच्या चार फेऱ्यांत डुबॉइसला काय काय बसले, ते डाव्या पानावर आधी लिहून घ्यावे आणि मगच, त्याचे पाय कसे जड होत गेले हे लिहायला, उजवे पान उघडावे.